पैसे देण्याचे पैसे

आमच्या ह्यांचं रंगाचं दुकान आहे, आणि आपल्याला जगात कुणी गंडवू शकत नाही असा त्यांचा ठाम समज आहे. त्या सकाळी थिनरच्या वासात आम्ही दोघं दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ताईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहते इतकी लांब, की वेळेवर गाठायची तर विमानच हवं. "धाकटी आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असं तिने डॉक्टरांना बजावलं होतं. जन्मात कशाला न भ्यालेली ताई भ्याली होती, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळच्या विमानात दोनच जागा उरल्या होत्या.

नावं भरली. माझं वय ह्यांनी गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने विचारलं, तेही सांगितलं. शेवटच्या पानावर ह्यांचा हात थबकला.

"हे काय? क्रेडिट कार्डाने भरल्यास जादा आकार?"

"असेल. भरा."

"अगं, पैसे देण्याचे पैसे? मी त्यांना पैसे द्यायचे, आणि ते घेण्याचे कष्ट त्यांनी केले म्हणून आणखी द्यायचे?"

मी गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ह्यांच्याच अक्षरात, लाल रंगाने लिहिलंय: कार्डाने पैसे दिल्यास दोन टक्के जादा पडतील.

"ते वेगळं," हे म्हणाले. "बँक माझ्याकडून कापते. मी काय घरचे घालू?"

"मग विमानवाल्यांनी घालायचे?"

"त्यांचं घर मोठं आहे."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! बँकेतून थेट भरले तर जादा काही नव्हतं, पण तेव्हा बँकेतून पैसे पोचायला दोन दिवस लागत. ह्यांनी गल्ल्यातली रोकड खिशात कोंबली. "चौकातला तिकीटवाला रोख घेतो," म्हणाले आणि निघाले. मीही चपला घालून मागोमाग गेले, कारण एकटे गेले असते तर ते संध्याकाळपर्यंत भांडत बसले असते.

तिकीटवाला तरुण होता आणि बोलायला गोड. "रोख चालेल की, काका. फक्त माझा सेवा आकार पडेल."

"कसली सेवा? चार बटणं दाबायची?"

"काका, मागच्या महिन्यात ह्या भिंतींचा रंग तुमच्याकडूनच नेला. मी कार्ड काढलं, तर तुम्ही दोन टक्के लावलेत. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणालात, मशीन काय फुकट चालतं?"

हे भिंतीकडे बघत राहिले. "दोन हात मारलेत ना? छान बसलाय," म्हणाले. विषय बदलण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. पण लगेच घासाघीस सुरू झाली. अर्धा आकार घे, पुढच्या रंगात सूट देतो, असं चाललं होतं. एवढ्यात तिकीटवाल्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, एकच जागा राहिली."

मला असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. "माझं तिकीट काढ," मी त्याला म्हटलं.

"तू एकटी जाणार?" हे म्हणाले. लग्न झाल्यापासून मी एकटी कधी गावाबाहेर गेले नव्हते.

"अहो, विमान मला चालवायचं नाहीये."

शेवटची जागा महाग झाली होती, रोकड पुरेना. ह्यांनी कार्ड काढलं. म्हणजे कार्डाचा आकार लागला तो लागलाच, वर सेवेचाही लागला. तेलही गेलं, तूपही गेलं. विमानतळावर माझी बॅग शेवटपर्यंत स्वतःच धरून होते. "ताईंना म्हणावं, मी येणार होतो," एवढंच म्हणाले, आणि माझा सगळा राग तिथेच विरघळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा ताई तिथला गाऊन घालून, दाराकडे डोळे लावून बसली होती. माझा हात तिने असा आवळला की बांगडी रुतली. तिची बोटं गार पडली होती.

"तुझे हे कुठेत?"

मी सगळं सांगितलं, ह्यांच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. 'दोन हात मारलेत ना'पाशी ताईला हसू फुटलं. नर्स ओरडली, "आजी, ब्लडप्रेशर!" पण ताईला आवरेना. स्ट्रेचर आलं तरी ती डोळे पुशीत हसत होती. माझा हात तिने आपणहून सोडला आणि हसतच आत गेली. दार बंद झालं आणि मी तिथल्या बाकावर बसून रडले.

फोन वाजला. हे होते. "गेल्या का आत?"

"गेली. हसत गेली."

"हसत? कशाला?"

"तुम्हाला."

पलीकडे गल्ला बंद केल्याचा आवाज आला. हे म्हणाले, "मग वसूल झाले."