आहे तशी गाडी

सकाळपासून ही तिसरी गाडी होती आणि तिसऱ्यांदा तोच प्रकार झाला. विकणाऱ्याने नमस्कार केला तो तिच्या नवऱ्याला.

"या साहेब," पाइपांच्या गोदामाचा मालक म्हणाला. "गाडी मागच्या अंगणात आहे. वहिनींना इथेच खुर्ची देतो, मागे चिखल आहे."

साहेब म्हणजे शिंपी. शिवणयंत्राच्या चाकापलीकडे दुसरं चाक त्यांनी उभ्या जन्मात फिरवलं नव्हतं. बॉनेट गाडीच्या कुठल्या टोकाला असतं, हेही त्यांनी आधी विचारून घेतलं असतं. मेकॅनिक होती ती. बारा वर्षं ती इंजिनं उघडत आली होती, आणि नखं अशी काळी की लग्नाच्या वेळी सासूने ती लिंबाने घासायला लावली होती आणि शेवटी नाद सोडला होता.

ही बारा वर्षं तिने वडिलांच्या गॅरेजमध्ये काढली. वडील गेल्यावर काका गल्ल्यावर बसले आणि ती गाड्यांखाली. दोन-तीनदा तिने आपल्या हिश्श्याचा विषय काढला, तेव्हा काका म्हणाले, "कागद कशाला गं, तू घरचीच." गेल्या महिन्यात काकांनी किल्ल्या त्यांच्या मुलाच्या हातात दिल्या. ज्याला साधा प्लग धड बसवता येत नाही तो चुलतभाऊ तिला म्हणाला, "ताई, आता तू आराम कर." त्या दिवसापासून तिला आराम सोडून सगळं सुचत होतं. एक जुनी पिकअप घ्यायची, हाताने उभी करायची, मागच्या हौद्यात अवजारं टाकायची आणि गाड्या जिथे बंद पडतील तिथे जायचं. नवी परवडत नव्हती. तिला हवी होती ती एकच गोष्ट: अशी गाडी, जी तिच्या नावावर असेल आणि जिच्यावरून कुणी तिला उठवू शकणार नाही.

पहिल्या विकणाऱ्याने तिने बजावूनही इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, थंड असताना ते सुरू व्हायला अडतं हे कळू नये म्हणून. बॉनेटवर हात ठेवताच तिला कळलं आणि ती तशीच परत फिरली. दुसऱ्याच्या गाडीला ताजा रंग होता, आणि खालच्या सांगाड्याला, चासीला, बोट लावलं तर गंजाचा पापुद्रा हातात आला. या दोघांनीही गाडीचे गुण गायले ते शिंप्यापुढे, आणि शिंपी बिचारा "हो का, वा" म्हणत राहिला. त्याचाही तिला राग आला होता.

खुर्ची तिथेच ठेवून ती चिखलातून मागे गेली.

गाडी मात्र मनात भरली. चाळीस वर्षांची असेल. गोल दिवे, जाड पत्रा, हौद्याच्या लाकडी फळ्या अजून शाबूत. ती खाली आडवी झाली आणि पाठ चिखलाने माखेपर्यंत चासी ठोकून पाहिली. आवाज खणखणीत येत होता.

"सहा वर्षं बंद आहे, साहेब," पाइपवाला शिंप्याला सांगत होता. "जाहिरातीत लिहिलंय तसं. आहे तशी देणे, किंमत लिहिली तीच."

किंमत तिच्या आवाक्यातली होती. तिथेच हो म्हणून व्यवहार उरकायचा. पण तिने बॉनेट उघडलं आणि मग तिला राहवेना. पर्समधून स्क्रूड्रायव्हर निघाला. स्पार्कचे पॉइंट झिजून एकमेकांना चिकटले होते, मधली फट पार मिटली होती. एवढ्यासाठी सहा वर्षं ही गाडी पावसात उभी होती, याचा तिला इतका संताप आला की तिने तिथल्या तिथे पॉइंट घासले, फट बसवली, कार्बोरेटर फुंकला, पेट्रोल मागवलं, पाइपवाल्याच्या मोटारीच्या बॅटरीवरून वायर जोडली आणि किल्ली फिरवली.

दोनदा खोकून इंजिन सुरू झालं. मग तिने कान लावून ते असं जुळवलं की गोदामातले हमाल काम टाकून बघायला आले.

पाइपवाल्याचे डोळे चमकले. "साहेब," तो म्हणाला, "चालू गाडीची किंमत वेगळी असते हं. दीडपट तरी धरा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग पाइपवाल्यावर होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर. आधी राबायचं आणि मग बोलायचं. गॅरेजमध्ये बारा वर्षं तिने हेच केलं होतं, आणि आज एका परक्याच्या अंगणात, कुणी न सांगता, पुन्हा तेच केलं. आपल्यासारखी मूर्ख आपणच, असं तिला वाटलं.

"गाडी बंद होती," ती म्हणाली.

"होती. आता आहे का बंद?" पाइपवाला हसला, तेही शिंप्याकडे बघून.

तिने किल्ली बंद केली. खाली उतरून स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला.

"अहो वहिनी, काय करताय? गाडी माझी आहे."

"गाडी तुमची. काम माझं. ते मी परत नेतेय."

चालतं इंजिन बिघडवायला हात धजत नव्हता. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं. दात ओठ खाऊन तिने पॉइंटची फट होती तशी मिटवली, झाकण बसवलं आणि किल्ली पाइपवाल्यापुढे धरली. "घ्या. करा चालू."

पाइपवाल्याने चारदा करून पाहिलं. इंजिन नुसतं घरघरलं. हमाल हसायला लागले तसे पाइपवाल्याचे कान लाल झाले.

"जाहिरातीतली किंमत," ती म्हणाली. "आहे तशी. आधी कागद."

तो पाय आपटत आत गेला, शिंपी त्याच्यामागून गेला. ती हात धुऊन येईपर्यंत कागद तयार होता. पाइपवाल्याने पेन शिंप्यापुढे धरलं. "इथे सही करा, साहेब."

तिने कागद ओढून घेतला आणि वाचला. खरेदी करणाऱ्याच्या जागी नवऱ्याचं नाव होतं.

"हे यांना कुणी सांगितलं?"

"त्यांनी नाव विचारलं," शिंपी म्हणाला. "मी सांगितलं."

"तुम्हाला माझं नाव माहीत नाही?"

काका, चुलतभाऊ, पाइपवाला या सगळ्यांवर ती चिडली होती, पण त्यांच्यापैकी कुणाचंच वागणं तिला असं लागलं नव्हतं. हे लागलं, आणि त्याचाही तिला राग आला.

शिंप्याने तिच्या हातातला कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि खिशात टाकले. "दुसरा कागद द्या," तो पाइपवाल्याला म्हणाला. "लिहील ती."

तिने लिहिलं. स्वतःचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. सही केली, पैसे दिले, कागद पर्समध्ये ठेवला आणि ती गाडीत जाऊन बसली.

"अगं, आता तरी चालू कर," शिंपी खिडकीशी येऊन हळूच म्हणाला. "पाच मिनिटांचं तर काम."

"ढकला," ती म्हणाली.

"फाटकापर्यंत?"

"माझा राग जाईपर्यंत."

शिंप्याने कोट काढून हौद्यात टाकला, बाह्या सरसावल्या आणि तो मागे जाऊन ढकलायला लागला.