टिटवाळ्याच्या टेकडीवरचा ओंकार

रविवारी सकाळी टेकडीवर चपला काढायलाही जागा नव्हती. पिंपळाखाली तिपाईवर एक छोटा रेकॉर्डर, त्याला हेडफोन, आणि तो कानाला लावायला ही रांग! ज्याची पाळी येई तो डोळे मिटून डोलू लागे. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ओंकार म्हणे यंत्राला ऐकू येत होता.

"श्रद्धावंताला ओंकार, शंकेखोराला नुसता वारा!" साईनाथ हारांमधून मान वर काढून बजावत होता. "मन लावून ऐका, बीपी खल्लास!"

मी जळत होतो, हे आधीच सांगतो. साईनाथला रेकॉर्डर धरायला मी शिकवलं. मी पहाटे उठून काळू नदीच्या काठी पक्ष्यांचे आवाज टिपतो, ते कुत्रंही ऐकत नाही. माझं रेकॉर्डिंग सुरू झालं की माझी तुळसाआत्या टीव्हीचा आवाज वाढवते. आणि इथे तीच रांगेत सगळ्यांच्या पुढे!

मी नुसता जळून गप्पही बसलो असतो. पण या ओंकारापायी आत्याने बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. काल ओट्यापाशी तिला भोवळ आली, तरी म्हणाली, "अरे मयूर, उद्या ओंकार ऐकला की वाटेल बरं."

आत्या हेडफोन लावून डोलू लागली, तसा मी पुढे झालो. रेकॉर्डरचा माइक उघडाच होता. मोकळ्यावर रेकॉर्डिंग करताना माइकवर केसाळ कव्हर चढवायचं, हा पहिला धडा मीच त्याला दिलेला. मी डोक्यावरची लोकरी टोपी काढून माइकवर चढवली.

आत्याने खाडकन डोळे उघडले. "गेला! ओंकार गेला!"

"अपवित्र टोपी!" साईनाथ ओरडला. "देव कोपला!"

"अपवित्र?" आत्या भडकली. "मी विणलेय ती!"

मी टोपी काढली. ओंकार परत आला. मग मी माइकवर हळूच फुंकर मारली.

"बाई गं, केवढा मोठा!" आत्या दचकली.

"ती माझी फुंकर होती, आत्या. उघड्या माइकच्या नाजूक पडद्यावर वारा आदळतो, तेच घुमतं. बाहेर तसा आवाजच नसतो, मग आपल्याला कसा ऐकू येणार?"

"साईनाथदादा, खिशात काय फुगलंय?" रांगेतल्या बंटीने विचारलं आणि ओढून काढलंही. माइकचं केसाळ कव्हर!

साईनाथ हार सावरत उतरणीला लागला. रांग मात्र मोडली नाही. आता प्रत्येकाला स्वतः फुंकर मारून बघायची होती.

मी पुन्हा टोपी चढवून हेडफोन आत्याला दिला.

"हे टुक टुक कोण करतंय?"

"तांबट पक्षी. याचंच रेकॉर्डिंग दर दिवाळीला ऐकवतो तुला."

लोकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा. शंका घेणाऱ्याला तो आधीच वाईट ठरवत असेल, तर दोन जास्त विचारा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.

घरी आल्यावर आत्याने डॉक्टरांना फोन केला आणि ते म्हणाले तशी गोळी घेतली. वर पाणी पिऊन म्हणाली, "साईनाथचं यंत्र बाकी छान हं! पक्षी किती स्पष्ट आला. तुझ्यात नाही येत तसा."

मी पुन्हा जळलो. पण गोळी तिच्या पोटात गेली होती.