कपाटामागचा बाणांचा नकाशा

खरं तर मी हे सांगायचं नाही. गुंडाळून कपाटामागे ठेवलेल्यांनी गप्प बसायचं असतं. पण समोरच्या भिंतीवर ती दिसली की माझा कागद आतून जळतो.

मी एक नकाशा. गावांचा नाही, शिकण्याचा. खाली बालवाडी, वर बारावी. मधल्या चौकटींत विज्ञानातल्या कल्पना, आणि कोणती कल्पना कोणत्या कल्पनेवर उभी राहते ते दाखवणारे बाण. मुलांच्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या इयत्तांच्या शिक्षकांनी वाचनालयात पिझ्झा खात, भांडत मला काढलं. दुसरीच्या क्लाइड प्रुइटांच्या बोटाचा तेलकट डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे. तो मला दागिन्यासारखा वाटतो.

पाचवीच्या मिसेस हॉलबर्गनी मला वर्गात लावलं. मग ती आली, विज्ञानाच्या मानकांची यादी, म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यायलाच हवं त्याची. गुळगुळीत, प्लॅस्टिक चढवलेली! आणि मी गेलो कपाटामागे. रोज तिच्यातलं एक वाक्य फळ्यावर जातं. मुख्याध्यापिका दारातूनच वाचून मान डोलावतात. संध्याकाळी त्यापुढे खूण. झालं शिकून! माझ्याकडे बघून कुणी कधी मान डोलावली नाही. उद्या तर कपाट साफ होणार आणि मी रद्दीच्या निळ्या डब्यात जाणार.

आज फळ्यावर होतं, ‘पदार्थ न दिसणाऱ्या कणांचा बनलेला असतो.’ मुलांनी पाण्यात साखर ढवळली.

“साखर संपली,” जुनिपर म्हणाली.

“मग पाणी गोड कसं?” बाईंनी विचारलं.

“चव मागे राहिली, मिसेस एच. साखर गेली.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांना तेच पटलं होतं. यादी मात्र भिंतीवर नुसती चकाकत राहिली.

मधल्या सुट्टीत प्रुइट आले. बाईंनी विचारलं, “क्लाइड, या मुलांनी दुसरीत वस्तूचे तुकडे करून वजन तेवढंच राहतं का ते पाहिलं होतं ना?”

“ते सततच्या बर्फवृष्टीचं वर्ष! शाळा उघडी कधी होती? तराजू कपाटातच राहिला.”

“यादीवर खूण आहे की.”

“यादीवर खूण असतेच गं, इन्ग्रिड.”

“मग कणांच्या आधीचं आणखी काय राहिलंय, ते कुठे बघू?”

“माझ्या पिझ्झाचा डाग पडलेला तो नकाशा कुठे टाकलास?”

ऐकलंस, यादीबाई? तुझ्यासारखं अंग चकाकत नसेल माझं, पण वरची चौकट उभी राहते ती खालच्या...

“सापडला! क्लाइड, टोक धर. हळू, फाटेल!”

आलो, बाई, आलो! फक्त मला लावताना तिला जराशी बाजूला सरकवा!