सतरा नंबरचा चेहरा

"नावाच्या रकान्यात काय घालू?" शुभदाने विचारलं.

"अज्ञात," दोन मीटर पलीकडच्या टेबलावरून तिचा वरिष्ठ रुलोफ म्हणाला. "सगळ्यांना तेच घातलंय."

तिच्यासमोर खोक्यात प्लास्टरचा एक चेहरा होता. डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले. डाव्या भुवईवर व्रण. सोबतच्या पिवळ्या पडलेल्या कार्डावर लिहिलं होतं: स्त्री, वय अंदाजे पंचवीस, क्रमांक सतरा. शुभदाने दिवा जवळ ओढला. पापणीच्या जागी प्लास्टरमध्ये एक केस अडकलेला दिसला. खराखुरा, काळा केस. तिने दिवा मागे सारला आणि टाइप केलं: अज्ञात.

एकेकाळी ती सांगलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. नवऱ्याच्या, यशोधनच्या, नोकरीमागे अकरा वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या डीमनला आली, गेमेंटेच्या म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या वर्गात डच शिकली, आणि कोरोना सुरू व्हायच्या आधी दोनच महिने तिला एका संग्रहालयाच्या गोदामात कंत्राटी काम मिळालं. संग्रहालय बंद होतं, गोदाम चालू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, एका नदीचा उगम शोधायला मोहीम गेली होती, तिचा सगळा माल फोटोसकट वेबसाइटवर चढवायचा होता. नदीच्या एका फाट्याला मोहिमेच्या प्रमुखाचं नाव मिळालं. तिच्या काठावरच्या माणसांना मिळाले नंबर.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी सांगलीहून भावाचा, दामोदरचा, फोन आला. "ताई, आई गेली गं. पहाटे."

भारतातून इकडची विमानं त्याच आठवड्यात बंद झाली होती. गेली असती तर परत कधी येता आलं असतं ठाऊक नव्हतं, आणि जाऊन तरी काय? आईला प्लास्टिकमध्ये गुंडाळून महापालिकेच्या माणसांनीच नेलं होतं. दामोदर फाटकाबाहेर उभा होता.

"तोंड तरी बघितलंस का रे?"

"नाही दाखवलं, ताई. पिशवीची चेन लावलेली होती."

चार दिवसांनी ती कामावर गेली. यशोधन म्हणाला, "अजून थोडी सुट्टी घे ना." ती म्हणाली, "घरी बसून काय करू?" दामोदरला मात्र ती रोज विचारत राहिली. हॉस्पिटलमध्ये कोणी फोटो काढला असेल. वॉर्डात कोणीतरी असेलच ना. विचार ना जरा.

मे महिन्यात तिला उत्तर न गेलेल्या पत्रांचा गठ्ठा लावायला दिला. त्यात एकाच बाईची तीन पत्रं निघाली. हेन्रिएत साबायो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार डीमन. शुभदाच्या घरापासून ट्रामचे दोन थांबे. बाईंनी लिहिलं होतं की त्या सुरिनामच्या लोकोनो या मूळनिवासी लोकांपैकी. त्यांच्या पणजीच्या तोंडावर गोऱ्या माणसांनी पांढरा चिखल थापला होता. पणजीचं नाव सिबा. भुवईवर माशाच्या काट्याचा व्रण होता. तुमच्याकडे ती आहे का?

शुभदाने मोहिमेच्या डॉक्टरची स्कॅन केलेली डायरी उघडली. दोन दुपारी गेल्या. मग सापडलं. 'क्रमांक सतराने फार विरोध केला. नाकातली श्वासाची नळी निसटली, तिने भांडं उलथवलं. संध्याकाळी चौघांनी धरल्यावर साचा चांगला निघाला. इतर बायका तिला झिबा की काय अशी हाक मारत होत्या.' पुढच्याच पानावर हमालांचा खोकला आणि ताप. त्यानंतर गावाचा उल्लेख नव्हता. मोहीम पुढे निघून गेली होती.

तिने पान छापून रुलोफपुढे ठेवलं. त्याने चष्मा वर सारून दोनदा वाचलं.

"शक्य आहे," तो म्हणाला. "पण एका ऐकीव शब्दावर नाव ठरत नाही, शुभदा. समिती ऑक्टोबरमध्ये बसेल."

"त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आणि हे दिवस असे."

रुलोफ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "संग्रहालयं उघडली की एकदा बोलव. एकटीला. अर्धा तास, मास्क लावून. हात लावायचा नाही."

जूनमधल्या एका शुक्रवारी बाई आल्या. ठेंगण्या, इस्त्रीचा निळा झगा घातलेल्या. दारातल्या रजिस्टरवर सावकाश काहीतरी लिहून त्या आत आल्या. शुभदाने खोकं उघडलं आणि बाजूला झाली.

बाई खोक्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी मास्क काढून पर्समध्ये ठेवला.

"मेफ्राउ साबायो, मास्क—"

"तिला माझं तोंड दिसायला नको का?"

वर कॅमेरा होता. शुभदाने एकदा तिकडे बघितलं आणि ती मागे सरकली.

बाई वाकल्या, आपल्या भाषेत चार-दोन शब्द पुटपुटल्या, थांबल्या. "एवढंच येतं मला," त्या म्हणाल्या. "माझी आजी तेव्हा पाच वर्षांची होती. झाडामागून बघत होती. आई ओरडायची थांबली तेव्हा तिला वाटलं, मेलीच. पण मेली नंतर, महिन्याभरात. नदी मोजणाऱ्यांबरोबर खोकला आला होता. अर्धं गाव गेलं."

"तुम्हाला... भेटली ना पण शेवटी? चेहरा तरी बघायला मिळाला," शुभदा म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "हा तिचा चेहरा नाही. आजी सांगायची, ती फार हसरी होती. हा श्वास कोंडलेल्या बाईचा चेहरा आहे. चौघांनी धरलेल्या बाईचा." त्यांनी शुभदाकडे वळून विचारलं, "याचं काय करणार तुम्ही?"

"फोटो वेबसाइटवर जाणार आहे. सगळ्यांना दिसेल असा."

"नका करू," बाई म्हणाल्या. "तिने नको म्हटलं होतं. भांडं उलथवलं होतं तिने."

त्या गेल्यावर शुभदाने नोंद उघडली. 'अज्ञात' पुसून 'सिबा' लिहिलं आणि फोटोपुढे 'सार्वजनिक नाही' अशी खूण केली.

परतीच्या गाडीत फोन वाजला. दामोदर.

"ताई, मिळाला बघ. वॉर्डातल्या ब्रदरनी कागदपत्रांसाठी काढला होता. आदल्या दिवशीचा आहे. नळ्या वगैरे आहेत..." तो अडखळला. "मी उघडला आणि बंद केला. पाठवू का?"

पाच-सहा आठवडे ती याचीच वाट बघत होती. खिडकीबाहेर कालव्याकाठी कोणी सायकली पुसत होतं. आई फोटो काढायचा म्हटलं की आधी केसांवर हात फिरवायची, थांब रे जरा म्हणायची.

"नको," शुभदा म्हणाली. "तूही पुसून टाक, दामू."

तिकडे तो रडायला लागला. ती फोन कानाशी धरून बसली. मास्क ओला झाला होता. समोरचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला.

सोमवारी रुलोफने नोंद बघितली. तो चिडला नाही. फोटो समितीपर्यंत झाकून ठेवायला तयार झाला. "पण नाव काढावं लागेल. पुरावा लागतो. आणि कॅमेऱ्यातलं वरपर्यंत गेलंय. ऑगस्टनंतर तुझं कंत्राट वाढवता येईल असं वाटत नाही मला."

"बरं," शुभदा म्हणाली. तिच्यासमोरच त्याने रकाना मोकळा केला आणि परत भरला.

संध्याकाळी सही करायला ती दारातल्या रजिस्टरपाशी थांबली. शुक्रवारचं पान अजून उघडंच होतं. आधी अग्निशामक नळकांडी तपासणारा, मग नळदुरुस्तीवाला, आणि त्याखाली पेन दाबून काढलेली मोठी, थरथरती अक्षरं. नाव: हेन्रिएत साबायो. कोणाकडे: सिबाकडे. नातं: पणती. आत येण्याची वेळ दोन दहा. निघण्याची वेळ लिहायची राहून गेली होती.