बंद चॅनल

बँडमध्ये तिला सगळेच ताई म्हणत. खरी ताई ती एकट्या ड्रमरची. पण तो तशी हाक मारायचा म्हणून गिटारवाला मारू लागला, मग गायिका, मग साउंडवाला, आणि शेवटी वयाने तिच्याहून पंधरा वर्षं मोठे असलेले मास्तरसुद्धा. मास्तर कीबोर्ड वाजवायचे आणि बँड त्यांचाच होता.

ड्रमरला घरीदारी ठोक्या म्हणत. रांगत्या वयापासून हाताला लागेल ते भांडं त्याने ठोकून चेपवलं होतं. ताईने बास गिटार हातात घेतली तीच मुळी या ठोक्याला आवर घालायला. तो नऊ वर्षांचा, ती सोळाची. घरात नुसता ढणढणाट, सूर नावाला नाही. वडिलांच्या ओळखीच्या कुणीतरी अडगळीतली एक चार तारांची बास आणून दिली आणि त्या दिवसापासून भावंडांची जोडी जमली. ड्रमरचा पाय आणि बासवाल्याचा हात एका आईचे असावेत, असं मास्तर म्हणायचे. इथे ते खरोखरच होते.

ऐकायला येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना बास कुठली आणि गिटार कुठली हे कळत नाही. ताईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घराचा पाया बघायला कुणी येत नाही, म्हणून काय पाया रुसून बसतो का, असं ती म्हणायची. वाजवणाऱ्यांना कळतंय ना, एवढं तिला पुरे होतं.

दीड वर्षापूर्वी तिच्या डाव्या हाताची अनामिका अडकायला लागली. वाकवली की वाकलेलीच राहायची आणि सोडवताना खट्‌कन वाजायची. शेवटी ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, पण ताईने अडीच महिन्यांत बास गळ्यात अडकवली. घाई झाली. दुसऱ्याच कार्यक्रमात एका जलद गाण्यात बोट वेळेवर पोचेना, ठोका मागे पडला, गायिका भलत्याच ओळीला आत आली आणि पुढचं अर्धं मिनिट सगळे आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे एकमेकांना शोधत राहिले.

त्याबद्दल नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. ताईला वाटलं, माणसं मोठ्या मनाची आहेत.

पुढच्या कार्यक्रमाला मास्तरांनी नवी पद्धत आणली. स्टेजवर आणि तालमीतही अँप, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाद्याचे स्पीकर, ठेवायचे नाहीत. प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं घट्ट बूच, कमरेला छोटी डबी, आणि ज्याला जे हवं ते साउंडवाला त्याच्या कानात देणार. ताईचा चाकांचा अवजड अँप घरी जिन्याखाली गेला. तिला तर हायसंच वाटलं. कानात ठोक्याचे ड्रम्स, गाणं, आणि स्वतःची बास अशी स्वच्छ की तारेवर बोट घासलेलंसुद्धा ऐकू यावं. त्याच सुमारास ठोक्याच्या डाव्या हाताशी एक काळं, काठीने ठोकायचं पॅड आलं. "हे काय रे नवीन?" तिने विचारलं. "टाळ्याबिळ्यांचे आवाज आहेत त्यात," तो म्हणाला.

मग तिने मनावर घेतलं. अनामिकेचं काम मधल्या बोटावर आणि करंगळीवर सोपवलं. जिथे आठ स्वर घ्यायची तिथे पाच घ्यायला शिकली. रोज सकाळी नवरा कामाला गेला की ठोके मोजणारा मेट्रोनोम लावून तासभर, सुरुवातीला अगदी मुंगीच्या पावलांनी. चौदा महिने तिने यात खंड पडू दिला नाही.

आणि मग ती दुपार आली. एका कंपनीचा वर्धापनदिन होता. मोठा हॉल, गोल टेबलं, माणसं हातात ग्लास घेऊन गप्पा मारताहेत, थोडी पुढे येऊन नाचताहेत. शेवटची चार गाणी राहिली असताना ताईच्या कानातला बासचा आवाज आधी फाटला, मग बारीक झाला आणि बंद पडला. तिची बास बॅटरीवर चालायची; पाठीमागच्या झाकणाखाली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असायची. दर दोन महिन्यांनी ती आठवणीने बदलायची, या खेपेला राहून गेलं होतं. चूक तिचीच. साउंडवाल्याला खूण करावी म्हणून तिने डाव्या कानातलं बूच काढलं.

हॉलमध्ये बास वाजत होती.

पायाखालच्या फळ्यांतून ती तळव्यांना जाणवत होती. ताईने दोन्ही हात तारांवरून उचलले. बास थांबली नाही. ओळ संपताना ती खालून वर अशी घसटत गेली. ती घसीट तिचीच होती. अनामिकेची. ऑपरेशननंतर तिला ती एकदाही जमली नव्हती. नाद सोडून दिला होता तिने.

तिने मागे वळून पाहिलं. ठोक्या तिच्याकडेच बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि वाजवत राहिला.

समोर नाचणाऱ्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. ताईने हात पुन्हा तारांवर ठेवले. उरलेली गाणी तिने मुक्या बासवर बोटं फिरवली, चेहरा हसरा ठेवला, शेवटी इतरांबरोबर वाकून नमस्कारही केला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने जाणूनबुजून खोटं वाजवलं.

हॉलच्या मागच्या दाराशी व्हॅन उभी होती. ठोक्या झांजा पिशवीत भरत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "तू घसरलीस त्याच्या पुढच्या कार्यक्रमापासून."

"म्हणजे चौदा महिने."

"हो."

"आणि ते वाजवणं माझंच आहे."

"तुझंच. जुन्या तालमींची रेकॉर्डिंग होती माझ्याकडे. त्यातनं कापून जोडलं. ताई, दुसऱ्या कुणाचं मी लावूच दिलं नसतं."

"पॅड त्यासाठीच आहे. ट्रॅक सुरू तू करतोस."

त्याने पिशवीत ठेवलेली एक झांज परत बाहेर काढली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच आहे."

"व्हॅनवाल्याला?"

ठोक्याने झांजेवरचा न दिसणारा डाग पुसला. "त्यालाही असेल."

व्हॅनवाला तिकडे टायरला पाय लावून उभा होता, तो उगाचच दुसऱ्या टायरकडे गेला.

"मास्तर दुसरा बासवाला आणणार होते," ठोक्या म्हणाला. "बोलणंसुद्धा झालं होतं. मी म्हटलं, ताई नाही तर मीही नाही. मग हा मार्ग काढला. तुला सांगायला दोनदा घरी आलो होतो. तू बोट गरम पाण्यात धरून बसली होतीस. तोंडच उघडेना माझं. मी तुला वाचवलं गं."

"वाचवलं नाहीस," ताई म्हणाली. "पेंढा भरून उभं केलंस."

ती बास पाठीला लावून चालत निघाली. मागून मास्तरांची हाक आली. तिने ओ दिली नाही.

घरी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, शांत स्वभावाचा, तिच्या शब्दाबाहेर नसणारा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काढलं तर नाही ना तुला? जागा राखली. असं कोण करतं आजकाल?"

तो मनापासून म्हणत होता हीच पंचाईत होती. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली, आणि त्याला बराच वेळ कळेना की आपण काय चुकीचं बोललो.

तीन दिवसांनी ती साउंडवाल्याच्या दुकानावर गेली. तो केबलींच्या ढिगात बसून एका मायक्रोफोनच्या तुटलेल्या तारेला डाग देत होता. तिला बघून हातातली वस्तू खाली ठेवून उभाच राहिला.

"भांडायला आले नाही," ताई म्हणाली. "एवढंच सांगा, माझा आवाज तुमच्या मिक्सरपर्यंत येत होता का?"

"यायचा ना. पाचवा चॅनल. तिथून फक्त तुमच्या कानात सोडायचो, बाहेर बंद."

"तो कुठे साठवला जातो?"

"सगळेच साठतात. चॅनल बंद असला तरी रेकॉर्ड होतो. प्रत्येक कार्यक्रमाचं आहे माझ्याकडे."

"कुणी ऐकलंय ते?"

साउंडवाल्याने मान खाजवली. "ताई, खरं सांगू का? मास्तर म्हणाले बंद ठेव, मी ठेवला. पुढे कुणी विचारलंच नाही."

त्याने तिला सगळी रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर भरून दिली. पाचवा चॅनल आणि शेजारी ठोक्याचे ड्रम्स, एवढंच तिने मागितलं होतं.

ती आठवडाभर ऐकत होती. पहिले तीन महिने तिच्याच्याने ऐकवेनात. वाईट होतं, आणि थोडंथोडकं वाईट नाही. मास्तरांची भीती खोटी नव्हती. स्वतःला पाठीशी घालायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून एकही गाणं मध्ये सोडलं नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात पाय जमिनीला लागू लागले. आठव्या महिन्यातल्या एका कार्यक्रमात तिने एक गाणं तीनदा ऐकलं. स्वर कमी होते, पण प्रत्येक जिथल्या तिथे. ठोक्याचा पाय आणि तिची तार एकाच क्षणी. जुन्या ताईची चमक त्यात नव्हती. त्याऐवजी एक सबुरी होती, जी जुन्या ताईकडे कधीच नव्हती. त्यानंतरचे सहाही महिने तसेच. शेवटच्या कार्यक्रमात तर बॅटरी जाईपर्यंत ती उत्तम वाजवत होती.

सहा महिने ती बरी होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मिक्सरवरचा एक खटका वर सरकवायचा, एका तालमीत पाच मिनिटं ऐकायचं. पाच जणांपैकी एकाच्याही मनात ते आलं नाही. खोटं बोलले याचा राग तिला आला होताच. पण हे कळल्यावर जे आत तुटलं त्याला राग म्हणता येईना.

तिने ठोक्याला बोलावून घेतलं. समोर बसवलं, हेडफोन दिले. पहिल्या काही ठोक्यांतच त्याची मांडी हलायला लागली. गाणं संपलं तसा तो म्हणाला, "चांगलं आहे. कधीचं हे? ऑपरेशनच्या आधीचं?"

"गेल्या महिन्यातलं."

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. बराच वेळ तो त्यांची वायर बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला.

"तुझ्या कानात काय असायचं?" तिने विचारलं.

"ट्रॅक."

"म्हणजे मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी राहून वाजवत होते, आणि तू दोन वर्षांपूर्वीच्या मला ऐकत होतास."

"मी आत्ताच मास्तरांशी बोलतो. शनिवारपासून चॅनल उघडू. पॅड फेकून देतो मी."

"शनिवारी मी नाही येणार. नंतरही नाही. तो ट्रॅक तेवढा पुसून टाक."

त्याने लॅपटॉप काढला आणि तिच्यासमोर एकेक गाणं पुसलं. अठ्ठावीस गाणी. जाताना दारात थांबला, काहीतरी बोलायचं होतं, पण ताईने दिवा लावायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

दीड महिन्याने गिटारवाला तिला बाजारात भेटला. सरळ माणूस, त्याच्या पोटात काही राहत नसे. म्हणाला, "ताई, अजून तुमच्याच बासवर चाललंय आमचं. मास्तरांकडे एक प्रत होती. नवा बासवाला मिळेपर्यंत म्हणाले, पण शोधतंय कोण? स्टेजवर तुमची जागा रिकामी असते, तिथे आता फुलांची कुंडी ठेवतात."

"ठोक्या काय म्हणतो?"

"ठोक्या काय म्हणणार? वाजवतो."

ताईने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्याचा दोष नव्हता, म्हणून त्याच्या बायकोची विचारपूस केली आणि निघाली. चालताना तिच्या लक्षात आलं की तिला आश्चर्य वाटलेलं नाही, आणि याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

हिवाळ्यात तिला एका नाचाच्या क्लासमध्ये काम मिळालं. जोडीने नाचायला शिकणारी मध्यमवयीन माणसं, समोर आरसे, कोपऱ्यात तिघांचा ताफा: अकॉर्डियन वाजवणारी एक जाडजूड विधवा, एक म्हातारा ट्रम्पेटवाला आणि ताई. ड्रमर नाही. ठोका धरायचा तो बासनेच. पहिल्या दिवशी दुसऱ्या गाण्यात ट्रम्पेटवाला थांबला आणि म्हणाला, "बाई, तिथे जरा आधी येताय तुम्ही." ताईने मान हलवली, पुन्हा वाजवलं आणि या खेपेला बरोबर आली. त्याने ट्रम्पेट ओठाला लावला आणि विषय संपला. घरी जाताना तिला रडू आलं, ते कशाचं हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

ठोक्याशी तिने संबंध तोडले नाहीत. आई अजून होती, दर रविवारी दोघं तिच्याकडे जात. तो भिंतीत खिळे ठोकायचा, ही कपाटं आवरायची, आणि औषधांच्या वेळांबद्दल दोघं नीट बोलायची. आईला ऐकू कमी यायचं, तरी एकदा तिने विचारलं, "तुम्ही दोघं हल्ली वाजवत नाही का गं बरोबर?"

ठोक्या ताईकडे बघायला लागला. ताई औषधाच्या गोळ्या डबीत लावत होती, सोमवारच्या सोमवारात, मंगळवारच्या मंगळवारात.

"नाही," ती आईच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "आता नाही वाजवत."