मेन्नाची गाठ

मित्रांनो, मागच्या दाराशी खुंटीवर टांगलेला हा जुना निळा बुटांचा जोड, तो मी. माझा उजवा तळ फाटला आहे आणि आत अजून समुद्राची वाळू आहे. मला आता कुणी घालत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, नुसता डिंकाचा वास आठवतो. मला ओळख मिळाली ती वेल्सच्या किनाऱ्यावरच्या या गावात, मेन्ना प्रोथेरोच्या पायात. मेन्ना टेकडीवरच्या शुश्रूषाघरात स्वयंपाक करायची. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशी माणसं तिथे राहतात. तिचं काम संपलं की आम्ही पळायला जायचो. परत आल्यावर ती माझ्या दोन्ही नाड्या एकमेकींना बांधायची आणि मला या खुंटीवर टांगायची. ती डावखुरी होती. तिची गाठ कधी आपोआप सुटली नाही.

तिचा नवरा इम्रिस बस चालवायचा. त्याचे बूट घरभर एकेकटे पडलेले असायचे.

"तुझा एक बूट मोरीत आहे, दुसरा कुठे गेला देव जाणे," मेन्ना म्हणायची.

"तुझेच घालतो की. माप एकच आहे आपलं."

"बायकांचे पाय घेऊन आलायस, आणि वर मिरवतोस!"

मेन्नाने गावातल्या मोठ्या शर्यतीत नाव घातलं होतं. समुद्रात पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर पळायचं, सगळं एकाच दिवसात. शुश्रूषाघरात रात्रपाळीला एकच परिचारिका होती. दुसरी ठेवता यावी म्हणून मेन्ना लोकांकडून देणगी मागत होती.

मार्चमधल्या एका दिवशी ती पळून परत आली, पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मग नाड्या बांधून तिने मला टांगलं. "उद्या बघू," ती म्हणाली. ऑगस्टमध्ये ती त्याच टेकडीवरच्या शुश्रूषाघरात गेली, पण आता आजारी म्हणून. रात्री तिला पाणी हवं असायचं, तेव्हा ती एकटी परिचारिका दुसऱ्या कुणाजवळ असायची.

ती वारल्यावरही इम्रिसने मला खुंटीवरून काढलं नाही. येता-जाता तो त्या गाठीवर बोट ठेवायचा. तिच्या हातचं तेवढंच तसंच्या तसं उरलं होतं.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीत त्याने स्वतःचं नाव घातलं. त्याला धड पोहता येत नव्हतं. वर्षभर तो थंड पाण्यात खोकत, शिव्या देत शिकला. बसमधल्या उतारूंनी, मासेवाल्याने, शाळेतल्या मुलांनी देणग्या दिल्या. मी ते सगळं खुंटीवरून ऐकत होतो.

आमच्या गावच्या शर्यतीत एक पद्धत आहे. समुद्र खाली आणि सायकली वर गावात, मध्ये किलोमीटरभर डांबरी चढ. म्हणून त्या चढाच्या कठड्याला प्रत्येकाच्या नंबराची खुंटी असते. तिथे पिशवीत बूट टांगून ठेवायचे, पाण्यातून आलं की घालायचे आणि पळायचं. न्यायच्या सामानाच्या यादीत लिहिलेलं असतं: जुने बूट, हरवले तरी चालतील असे.

मेन्नाची बहीण नेस्टा मदतीला आली होती. तिने यादी वाचली, घरभर नजर फिरवली आणि सगळ्यात जुना जोड पिशवीत घातला. तो मी होतो.

सकाळी इम्रिस पाण्यातून आला. ओठ निळे पडले होते, बोटं वळत नव्हती. त्याने पिशवी उघडली आणि तो तसाच उभा राहिला. माझ्या नाड्या एकत्र बांधलेल्या होत्या, मेन्नाने बांधल्या तशा.

मला हातात घेऊन तो अनवाणी निघाला. वीस पावलांवर टाचेत काच घुसली. कठड्याजवळचा पंच ओरडला, "अहो, बूट घाला! अजून बेचाळीस किलोमीटर पळायचंय, पाय गमावून बसाल!"

"गाठ आहे," इम्रिस म्हणाला.

"मग सोडा की! गाठच आहे ना?"

इम्रिस खाली बसला. बोटांनी जमेना, म्हणून त्याने दातांनी गाठ सोडवली. त्याला वेळ लागला. रडत होता की समुद्राचं पाणी होतं, मला सांगता येणार नाही.

पुढे सायकल संपून पळायची वेळ आली तेव्हा त्याने त्यासाठी आणलेले नवे बूट घातलेच नाहीत, मलाच घातलं. गावाला फेऱ्या मारताना माझा तळ फाटला. त्याच्या टाचेचं रक्त माझ्यात मुरलं. अंधार पडल्यावर आम्ही शेवटची रेघ ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कर्ण्यावर त्याचं नाव घेतलं. माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. इम्रिस मान खाली घालून माझ्याकडे बघत होता.

नेस्टानेही खाली बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "हे तर मेन्नाचे! अरे, हरवले तरी चालतील असं लिहिलं होतं रे."

"तुझी चूक नाही. जुने दिसतातच ते."

त्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी मला घेऊन बसला, समोर नेस्टा होती. त्याने बांधलं, सोडलं, परत बांधलं.

"ती कशी मारायची गं गाठ?"

"मला काय विचारतोस? सत्तावीस वर्षं तुझ्या घरात होती."

"रोज समोरच मारायची," इम्रिस म्हणाला. "मी लक्षच दिलं नाही."

चहा गार झाला. नेस्टानेही करून बघितलं, तिलाही जमलं नाही.

टेकडीवर आता रात्री दोन परिचारिका असतात. मित्रांनो, ते चांगलं झालं, आणि तसं इम्रिसही म्हणतो. पण तो आता पळत नाही, पोहत नाही, बसच्या कामावरूनही लवकर निवृत्त झाला. त्याने मारलेली गाठ टिकत नाही. दर चार दिवसांनी सुटते आणि माझा एक बूट खाली पडतो. आवाज ऐकून तो धावत मागच्या दाराशी येतो. मग मला बघतो, उचलतो आणि पुन्हा बांधायला बसतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी नाडी बांधत असेल, तर जरा थांबून बघा. कोणता हात वर येतो, कोणती नाडी आधी वळते, तेवढं तरी बघून ठेवा.

मला ती गाठ येते. किती वर्षं ती माझ्यावर होती. पण मला सांगता येत नाही.