फॉर्मची मागची बाजू

जूनमध्ये चौसष्टपैकी सव्वीस मुलांनी लिहिलं होतं, 'हो, तंबाखू खातो किंवा मिश्री लावतो.' मग आमच्या संस्थेचे व्यसनमुक्तीचे तास झाले आणि जानेवारीत फक्त तिघं! बाकीच्या अकरा शाळांत तिळभर फरक नव्हता आणि हरसूलजवळच्या या एका शाळेत चमत्कार. नाशिकच्या ऑफिसात पेढे वाटले, शाळेला पहिला नंबर देऊन सत्काराचं निमंत्रणही धाडलं. मी खाल्ला नाही. आकड्यांचं काम करणाऱ्याने पेढा उशिरा खावा.

माझी खात्री होती, तिथल्या सोमनाथ गुरुजींनी फळ्यावर उत्तरं लिहून दिली असणार. चौकशीची मागणी करणारं पत्र टाईप करून मी पर्समध्ये ठेवलं. ते जिल्हा परिषदेत पोचलं की गुरुजींचं निलंबन ठरलेलं. तरी चोर रंगेहाथ पकडावा म्हणून फेब्रुवारी २००३ मध्ये, न कळवता एस.टी.ने गेले.

गुरुजींना बाहेर काढलं, दार लावलं, एकेका मुलाला विचारलं. उत्तरं तीच. एकाने तर "नाय खात, हे बघा," म्हणत आ वासून पांढरेशुभ्र दात दाखवले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग.

पण वर्गात एक्केचाळीसच मुलं होती.

"बाकीची तेवीस कुठायत?" मी बाहेर येऊन विचारलं.

"द्राक्षाला गेली ना, मॅडम. दिवाळी झाली की आईबापाबरोबर जातात, होळीला येतात. लय वर्षांचं हाय हे."

मी पायरीवर बसून जूनचे फॉर्म काढले आणि त्या तेवीस जणांचे वेगळे केले. एकवीस 'हो'! बागेत मोठ्यांबरोबर राबता राबता लागलेली सवय. म्हणजे शाळेत राहिलेल्यांत पाचाचे तीन झाले होते, बस्स. जानेवारीत जे हजर तेवढेच मोजा, हा नियम माझाच होता.

"हे कळवायला नको होतं तुम्ही?" मी वसकन ओरडले.

"कळवलंय की."

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म उलटा केला. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं: 'ललिता, सहावी. दिवाळीनंतर मोहाडीला द्राक्षबागेत असेल. जानेवारीत तिथे जाऊन विचारावे.' तेवीस फॉर्म, तेवीस पत्ते. आम्ही कॉम्प्युटरवर फक्त पुढची बाजू चढवली होती. जगावर संशय घेणाऱ्या मी एक कागद उलटून पाहिला नव्हता. लाज वाटली.

"गुरुजी, तुमची शाळा पहिली आलेली नाही," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी खिशातून आमचं सत्काराचं निमंत्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मी येणारच नव्हतो, मॅडम. सव्वीसचे तीन होतात व्हय? मला वाटलं, आकडे तुम्हीच फुगवले."

पर्समधलं पत्र मी मुठीत चुरगाळलं. त्यांच्या संशयाला निदान आधार तरी होता.